ऑनलाइन शिकताना उत्साह का मावळतो?

घरून शिकताना कॉलेजला जाण्याची घाई नसते. पण त्याबरोबर वेळेवर उठणे, बस स्टॉपपर्यंत चालणे, मित्रांबरोबरचा चहा हेही सुटते. लेक्चर अंथरुणातच सुरू होते, जागरण वाढते आणि काही आठवड्यांत अभ्यासात मन लागेनासे होते. पालकांना हा आळस वाटतो. बहुतेकदा तो विस्कटलेल्या दिनक्रमाचा परिणाम असतो.

‘उद्यापासून रोज व्यायाम’ हा संकल्प सहसा टिकत नाही. नवी सवय ठरलेल्या कामाला जोडा: ‘पहिले लेक्चर संपले की दहा मिनिटे बाहेर चालणार.’ आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, पण सुरुवात एवढीच पुरे. लंडनमधील एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला कितीतरी जास्त. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून ‘२१ दिवसांत सवय’ या दाव्यावर विसंबू नका.

थकवा सतत राहत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. मुलींमध्ये रक्तक्षय बराच आढळतो, आणि तो नुसत्या निर्धाराने जात नाही.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका: घरच्यांना सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. ही सेवा चोवीस तास सुरू असते.