पडद्यावरील खिडक्या आणि पाठाची जागा

संगणकाच्या पडद्यावर अनेक मजकूर एकाच वेळी उघडले की ते एकमेकांवर चढतात व खालचे दिसेनासे होतात. यावरचा जुना उपाय म्हणजे फरशीसारखी मांडणी : प्रत्येक खिडकीला स्वतःची जागा, कोणी कोणाला झाकायचे नाही. झेरॉक्सच्या १९८१ सालच्या 'स्टार' संगणकात आणि १९८५ सालच्या पहिल्या 'विंडोज'मध्ये हीच पद्धत होती. १९८७ मध्ये 'विंडोज'ने एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या स्वीकारल्या व फरशीची मांडणी मागे पडली. लिनक्सच्या जगात ती 'डीडब्ल्यूएम' (२००६), 'एक्समोनॅड' (२००७), 'आयथ्री' (२००९) अशा प्रणालींतून पुन्हा रुजली.

यांपैकी 'एक्समोनॅड'मध्ये लक्ष आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. खिडक्यांची एक क्रमवार यादी असते आणि लक्ष म्हणजे त्या यादीतील एक खूण. एका कळीने ही खूण पुढच्या खिडकीवर सरकते. क्रम तसाच राहतो. तिला 'शिफ्ट'ची जोड दिली की लक्षातली खिडकी शेजारणीशी जागा बदलते. आणखी एका आज्ञेने ती पडद्यावरील मुख्य, मोठ्या जागी येते. तिथली खिडकी तिच्या जागी जाते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा व्यवहार परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. तेथे वरच्या ओळीत प्रचलित पाठ लिहून त्याखाली एकेका हस्तलिखिताचे पाठभेद अक्षरागणिक नोंदवले जात. सर्व पाठ एकाच वेळी नजरेसमोर असत. संपादकाची नजर त्यांवरून कितीही फिरली तरी काही बदलत नसे. एखादा पाठ वर नेला की मात्र तो निर्णय ठरे. वि. सी. सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात (१९३३) स्वीकृत पाठ वर व पाठभेद खाली आहेत, आणि जेथे खात्री कमी तेथे नागमोडी रेघ आहे. नाकारलेला पाठ तेथे नाहीसा होत नाही. पुढचा अभ्यासक तो पुन्हा तपासू शकतो.

पडद्यावर मात्र ही अदलाबदल क्षणात होते आणि तिची नोंद उरत नाही. 'बहिणाबाईंची गाणी' (१९५२) छापील रूपात एका बाजूस, शब्दकोश दुसऱ्या बाजूस आणि गावात ऐकलेल्या ओव्यांची टिपणे तिसऱ्या बाजूस उघडणारा जामनेरचा विद्यार्थी छापील रूपाला मुख्य जागा देतो, तेव्हा बोलीचा उच्चार नकळत तळटीप होतो. टिपणे मुख्य जागी आणली की प्रश्न उलटतो : छापताना काय बदलले असेल? दोन्ही मांडण्या करून पाहाव्यात. पण शेवटी कोणती ठेवली आणि का, हे संपादकाप्रमाणे लिहून ठेवावे. त्याशिवाय तुलना पुढच्या वाचकाच्या हाती पडत नाही.