मोहाचें फूल आणि तोफेची दारू

तिवस्याच्या शिवारांतला कापूस पाण्यांत विरघळत नाहीं, हें कळावयास रसायनशास्त्र नको. परंतु तोच कापूस नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांतून काढला म्हणजे त्याचें स्फोटक 'गनकॉटन' होतें, आणि मग ॲसिटोन घालून तें कणकेप्रमाणें मळतां येतें. ॲसिटोनच्या रेणूंत विद्युद्भार एकीकडे झुकलेला असतो, पण आपला हायड्रोजन तो सहसा कोणास देत नाहीं. काम आटोपतांच हा द्रव उडूनही जातो.

ब्रिटिश आरमाराची 'कॉर्डाइट' दारू या गुणावरच तयार होई. लांकडापासून काढलेलें ॲसिटोन पहिल्या महायुद्धांत अपुरें पडूं लागलें, तेव्हां मँचेस्टरच्या वाइझमन यांनीं जंतूंकडून मका आंबवून तें काढलें. मँचेस्टरहूनच १९१६ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत आलेल्या गिल्बर्ट फाउलर यांनीं मोहाचीं फुलें निवडलीं, आणि त्यासाठीं नाशिक येथें कारखाना उभा राहिला.

फूल गोड आणि स्वस्त खरें. पण स्वस्त कोणास? मेळघाटांतील कोरकू तेंच वेचून वाळवीत आणि घरांतले दाणे सरले कीं त्यावर दिवस काढीत. मुंबई इलाख्याच्या कांहीं भागांत तर चोरून दारू गाळली जाते म्हणून १८९२ च्या कायद्यानें या फुलांवर निर्बंध आले होते. तोफेची दारू मात्र सरकारास चालली! १९१८ त युद्ध थांबलें, आणि नाशिकच्या त्या कारखान्यांत पुढें सरकारचीच पिण्याची दारू गाळली जाऊं लागली.