न गोठणाऱ्या पाण्याकाठी: सातारा-सांगलीतील गोड्या पाण्याच्या मासेमारीचा इतिहास

गोठलेल्या सरोवराच्या पृष्ठभागाला भोक पाडून खालच्या पाण्यात गळ सोडण्याची पद्धत फिनलंड, रशिया, कॅनडा अशा उत्तरेकडील देशांत फार जुनी असली, तरी सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ती कधी उद्भवली नाही आणि उद्भवणे शक्यही नव्हते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीत गवतावर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण, म्हणजे गोठलेले दवबिंदू, जमतात. परंतु निरभ्र रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होतात म्हणून ते घडते, तलाव गोठतो म्हणून नव्हे. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे वरचा थर थंड होऊन तळाशी जात राहतो, आणि सगळे पाणी या तापमानापर्यंत उतरल्याशिवाय पृष्ठभागावर बर्फाची साय धरत नाही. दुपारी पुन्हा तापणाऱ्या सह्याद्रीच्या हिवाळ्यात तेवढा अवधीच मिळत नाही. मासे धरायला कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच येथे हवामानात सापडत नाही. ते पाणी कोणी, केव्हा आणि कशासाठी अडवले, याच्या इतिहासात सापडते.

कारण या दोन्ही जिल्ह्यांत नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. काळ्या कातळाच्या या उतरत्या प्रदेशात कृष्णा, कोयना, वेण्णा आणि वारणा या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि पूर्वी उन्हाळ्यात त्यांचे पात्र तुटून डोहांची माळ तेवढी मागे उरत असे. अशा डोहांवरच जुनी मासेमारी उभी होती. पालखी वाहणे, उतारूंना नदीपार नेणे आणि मासे धरणे ही भोई समाजाची कामे एकमेकांना लागूनच होती, कारण पात्राची खोली आणि डोहांच्या जागा ज्याला ठाऊक, तोच तिन्हींचा जाणकार ठरे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड आणि प्रसंगी गूळ शिजवण्याची मोठी काहीलही पाण्यावर चालत असे. हाताने फेकायचे जाळे, म्हणजे पाग, उथळ पाण्यात, तर गळ खोल डोहात उपयोगी पडे. गेळासारख्या झाडांची फळे कुटून डोहात टाकायची आणि गुंगी आलेले मासे वेचायचे, ही रीतही होती. तिने डोहातील लहानमोठे सगळेच मासे नाहीसे होत, म्हणून ती घातकच म्हटली पाहिजे. मृगाच्या पावसाबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, आणि नदीकाठच्या घरांत वर्षभरातील हा सर्वांत मोठा मत्स्योत्सव असे.

या पाण्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती जमवत असताना त्याने नद्यांतील मासे गोळा केले आणि 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांवरील निबंध प्रसिद्ध केला. खडशी, शिंगाळा, कोळस ही नावे त्यातूनच जगभरच्या प्राणिशास्त्रात रुजली. खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, हा वाहत्या, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मोठा मासा आहे. देवस्थानाजवळच्या डोहात त्याला अभय देण्याची प्रथा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आढळते, आणि महाडजवळचे वाळण कोंड व इंद्रायणीकाठचे देहू ही तिची ठळक उदाहरणे आहेत. आधुनिक संरक्षित क्षेत्रांच्या कितीतरी आधी श्रद्धेने केलेले हे मत्स्यरक्षण इतिहासात मानाने नोंदवण्याजोगे आहे.

पाणी अडवण्याचे पर्व एकोणिसाव्या शतकात सुरू झाले, आणि त्याचा हेतू मासे हा कधीच नव्हता. वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधवला. 1860 च्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढण्यात आला. पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात येरळेवरील नेरचा तलाव, मायणीचा तलाव आणि माण नदीवरील म्हसवडचा, म्हणजेच राजेवाडीचा, विस्तीर्ण तलाव ही कामे झाली; त्यांपैकी म्हसवडच्या तलावाला 1876-77 च्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी होती, जेव्हा उपाशी माणसांना मजुरी देण्यासाठी सरकारी कामे काढली जात. ज्या पाण्यावर पुढे जाळी पडली, ते पाणी भुकेल्या माणसांच्या श्रमाने अडवले गेले होते, ही गोष्ट या तलावाविषयी लिहिताना विसरता येत नाही. मायणीचा तलाव आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या धरणांनी मात्र सारा नकाशाच बदलला. 1954 मध्ये काम सुरू होऊन 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात उभे राहिलेले कोयना धरण वीजनिर्मितीसाठी बांधले गेले, आणि त्याच्या शिवसागर जलाशयाने तापोळा-बामणोलीपर्यंत कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची खोरी भरून टाकली. सुपीक तळ बुडाला, अनेक गावे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे उठून गेली, आणि जी कुटुंबे वरच्या उतारांवर राहिली, त्यांच्यातील काहींनी होडी आणि जाळे हाती घेतले. नांगर धरणाऱ्यांना पाण्याने दिलेला हा व्यवसाय निवडीपेक्षा निरुपायातून आला. पुढे कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर आणि वारणेवर चांदोली अशी धरणे झाली.

स्थिर, खोल पाण्यात खडशीसारख्या प्रवाहप्रिय माशांचे जमत नाही, आणि धरणाची भिंत चढणीची वाटच तोडते. ही पोकळी गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू आणि मृगळ या कार्प कुळातील माशांनी भरली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा बीज नदीतून गोळा करण्याची सक्ती संपली आणि दूरच्या धरणांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडणे शक्य झाले. मूळचा आफ्रिकेतील आणि 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया, ज्याला मासेमार चिलापी म्हणतात, फारसे काही न मागता वाढला आणि त्याने अनेक स्थानिक जातींची जागा घेतली. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन झाले नसते, तर खडशीची स्थिती आणखी बिकट झाली असती.

हक्कांचे स्वरूपही पाण्याबरोबर पालटले. डोहावर गावाचा रिवाज चाले. जलाशय सरकारी मालकीचा, म्हणून महाराष्ट्र मत्स्योद्योग अधिनियम, 1960 आणि सहकाराच्या चौकटीत मासेमारीचा ठेका ठरावीक मुदतीने, प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना, देण्याची पद्धत रुळली. बर्फाचा या मासेमारीशी संबंध येतो तो मासा विकतानाच: जाळ्यातून निघालेला मासा थर्माकोलच्या पेटीत बर्फाखाली दाबून शहरांच्या बाजारात नेला जातो, आणि बर्फाचा कारखाना लांब असेल, तर त्या गावच्या मासेमाराला दलाल सांगेल तोच भाव घ्यावा लागतो.

सांगलीजवळच्या कृष्णेत मळी आणि सांडपाणी मिसळल्याने मासे मरून तरंगल्याच्या घटना घडल्या आहेत, तर भिलवडी-औदुंबरच्या परिसरात मगरींचा वावर असल्याने पात्रात उतरणे जोखमीचे आहे. 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि 2010 मध्ये ते व कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून त्या राखीव पाण्यावर जाळे टाकता येत नाही. तेथे माशांना आसरा मिळाला, पण काठच्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा प्रश्न सोडवला गेला पाहिजे. याउलट टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणाऱ्या व्यवस्थांमुळे, आटपाडी आणि जत भागातील कोरडे तलाव भरू लागले आहेत, आणि ज्या तलावांत पाणी उन्हाळाभर टिकते, तेथे मत्स्यबीज सोडून ठेके देण्याचे काम सुरू होऊ शकते.