सीरमचा थेंब आला डोळ्यातून

सकाळी तोंड धुऊन झालं की चेहऱ्यावर सीरमचे दोन-चार थेंब लावायची रीत आता चांगलीच रुजली आहे. बाटलीवरचं हायलुरॉनिक अ‍ॅसिड हे नाव कॉलेजच्या मुलींना तोंडपाठ असतं. मला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कळलं. तिथे मी परिचारिका होते, म्हणून या थेंबाची हकीकत मला जवळची वाटते.

१९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरातून हा पदार्थ वेगळा काढला. साखरेच्या रेणूंची ही लांबलचक साखळी पाणी धरून ठेवते. आपल्या शरीरात ती सगळीकडे असते, आणि त्यातला जवळजवळ अर्धा साठा कातडीत असतो.

पुढचं मोठं काम हंगेरीत जन्मलेल्या एंद्रे बालाझ यांचं. कोंबड्याच्या लालभडक तुऱ्यात हा पदार्थ भरपूर सापडतो. तो तिथून काढून त्यांनी इतका शुद्ध केला की माणसाच्या डोळ्यात सोडला तरी डोळा सुजू नये. १९८०च्या सुमारास तो हीलॉन नावाने बाजारात आला आणि भिंग बसवणाऱ्या डॉक्टरांना मोठा आधार मिळाला. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच नाजूक थर असतो. त्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. ऑपरेशनमध्ये डोळ्यातली जागा फुगलेली राहावी, हत्यार किंवा भिंग त्या थराला घासू नये, म्हणून हा घट्ट जेल आत सोडायचा आणि काम संपलं की धुऊन काढायचा. आपल्याकडे तो महाग पडे. शिबिरांतल्या गोरगरीब रुग्णांसाठी बहुतेक डॉक्टर मिथाइलसेल्युलोजचा स्वस्त जेल वापरत, आणि त्यावरही असंख्य लोकांना दृष्टी मिळाली. त्या स्वस्त जेलबद्दल मला आजही आदर आहे.

मग हा पदार्थ आरशासमोर कसा आला? तुऱ्यांवर अवलंबून राहून तो स्वस्त होणार नव्हता. १९८०च्या दशकात जपानच्या शिसेडो कंपनीने जीवाणूंकडून तो तयार करून घेण्याची पद्धत बसवली. दही लावतो तसंच हे आंबवण्याचं काम, फक्त मोठमोठ्या टाक्यांत. उत्पादन वाढलं, भाव उतरला आणि क्रीम-सीरममध्ये तो सढळ हाताने पडू लागला.

त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. मोठे रेणू कातडीत खोल उतरत नाहीत. ते वरच्या थरावर पाणी धरून ठेवतात, त्याने चेहरा मऊ लागतो आणि बारीक सुरकुत्या काही वेळ कमी दिसतात. पाणी धरण्याचं हेच काम ग्लिसरीनही करतं. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच ऑलिव्ह तेलातून ते मिळवलं होतं. आपल्या आया हिवाळ्यात गुलाबपाण्यात मिसळून लावत, ते हेच.

म्हणून ज्यांना महागडी बाटली परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. सीरम असो वा पातळ केलेलं ग्लिसरीन, चेहरा ओलसर असतानाच लावा, त्यावर लगेच क्रीम लावा आणि उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन विसरू नका.