मावळांतील मार्ग आणि आंबीचा उतार

मावळांतील किल्ल्यांचें वर्णन पुष्कळ झालें आहे. लोहगड-विसापूर ज्या मार्गावर नजर ठेवीत, त्याचा विचार मात्र ओघानेंच येतो. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत या प्रांतास ‘मामालाहार’ म्हटलें असून, भिक्षुसंघास दिलेल्या करजक गांवाचें स्थान सांगतांना ‘उत्तरमार्ग’ हा शब्द योजिला आहे. मार्ग शब्द अन्वेषणार्थक मृग् धातूपासून साधितात. परंतु येथें मार्ग फारसा शोधावा लागत नाहीं. बोरघाट चढून आलेल्यास इंद्रायणीचें खोरें धरून पूर्वेस जाण्यासारखी दुसरी सोपी वाट नाहीं.

इ. स. १७७९ त रघुनाथरावांस घेऊन निघालेली इंग्रजी फौज याच वाटेनें आली. घाटांत चाकाची चांगली सडक नव्हती, आणि सामानाच्या बैलांचें लटांबर सुमारें १९,००० चें! ९ जानेवारीस फौज तळेगांवास पोंचली, तों मराठ्यांनीं गांव आधींच जाळून ओस पाडलेलें. दाणावैरण नाहीं, माघार घेतली ती वडगांवापर्यंतच, आणि तेथें तह करावा लागला.

पुढें राज्य इंग्रजांचें झाल्यावर १० नोव्हेंबर १८३० रोजीं सर जॉन माल्कम यानें बोरघाटाची सडक खुली केली. १४ जून १८५८ पासून खंडाळा-पुणें आगगाडी धांवूं लागली. घाटाखालीं ती खोपोलीपर्यंत आलीच होती. मधला चढ उतारूंनीं जवळजवळ पांच वर्षें पालखींतून किंवा तट्टावरून काढिला. अखेर २५ बोगदे खोदून, ३७ फुटांस एक फूट अशा चढणीचा लोहमार्ग १८६३ त पुरा झाला. १८६१ त त्या कामावर ४२,००० मजूर होते. २००२ त पुरा झालेला द्रुतगतिमार्गहि दिशेनें त्याचाच अनुयायी होय.

हे सर्व मार्ग खोऱ्याच्या लांबीनें गेले. तळेगांवाच्या उत्तरेस, इंद्रायणीपलीकडे असलेल्या आंबीसारख्या गांवाची गरज निराळी: त्यास नदी आडवी ओलांडावयाची. मावळचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यास पुण्याचें अंतर कोसांत आणि आंबीचें अंतर नदीच्या पाण्यांत मोजावें लागतें, हें सांगणें नको. आतां त्या बाजूस औद्योगिक वसाहत होऊन मालमोटारी आल्या आहेत. तथापि नदीच्या खालच्या अंगास कुंडमळा येथील, आधींच धोकादायक ठरलेला लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं गर्दीच्या भारानें कोसळून चार माणसें मृत्यु पावलीं. उतारांचा प्रश्न जुना आहे, पण मिटलेला नाहीं.

घाटाच्या बांधणीवर इंग्रजी ग्रंथ मिळतात. उतारांच्या इतिहासासाठीं मात्र गांवोगांवचींच दप्तरें चाळावीं लागतील. मावळांतील ज्या घराण्यांकडे नावाड्यांचीं वतनें, तरीचा हांशील किंवा नदीकांठच्या वाटांचे तंटे यांसंबंधीं मोडी कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला तरी मंडळाकडे द्याव्या.