मिरासदार आणि उपरी

पेशवाईच्या अखेरपर्यंत देशावरील गावांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग मानले जात, आणि मिरासदार व उपरी ही त्यांची नावे महसुलाच्या कागदांत कटाक्षाने वेगळी ठेवली जात. मिरास म्हणजे वारसाहक्क. ज्याच्या घराण्याकडे गावातील जमीन वंशपरंपरेने चालत असे आणि जो ती गहाण टाकू वा विकू शके, तो मिरासदार. बाहेरून येऊन कौलाने, म्हणजे साऱ्याविषयीच्या करारावर, पडीक किंवा गतकुळी (मूळ घराणे नष्ट वा परागंदा झालेली) जमीन कसणारा तो उपरी.

हा भेद किती जपला जाई, हे मिरासपत्रांवरून दिसते. अशा पत्रात शेताच्या चतुःसीमा नमूद होत, पाटील-कुलकर्ण्यांसह गावकऱ्यांच्या साक्षी पडत, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटे आणि हक्क लेकराच्या लेकरी चालावा असे लिहिले जाई. दुष्काळात वा दंगलीत गाव सोडून गेलेला मिरासदार पुढे परतला, तर बाकी भरून आपले शेत मागू शके. तेच शेत मधल्या काळात वर्षानुवर्षे कसणाऱ्या उपऱ्याला तसा दावा सांगता येत नसे.

मात्र हा भेद श्रीमंत-गरिबाचा नव्हता, आणि तो तसा समजणारे वाचन जुन्या कागदांवर अन्याय करते. मिरासदारावर पूर्ण साऱ्याशिवाय पुष्कळ ठिकाणी मिरासपट्टी नावाचा जादा कर बसे, तर माणसे कमी आणि पडीक फार अशा गावात उपऱ्याला हलक्या साऱ्याने जमीन मिळे. मिरासदाराजवळ अधिक होता तो मान आणि कायमपणा.

1818 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसल्यावर दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने 1819 च्या आपल्या अहवालात या दोन्ही वर्गांची दखल घेतली. परंतु 1830 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जी मोजणी आणि 30 वर्षांची साराबंदी सुरू केली, तिच्यात आकारणी जमिनीच्या प्रतीवर झाली आणि नेमलेला सारा भरील तो खातेदार, मग तो पूर्वीचा मिरासदार असो की उपरी, असे ठरले. उपऱ्याला वारसाने चालणारा हक्क मिळाला, ही गोष्ट न्यायाचीच झाली. पण त्याचबरोबर दोन्ही शब्दांचे कचेरीतील कामही संपले.

त्यानंतर ते मोकळे सुटले. मिरासदारी म्हणजे मक्तेदारी असा निंदेचा अर्थ रूढ झाला, आणि ‘उपरा’ म्हणजे कोठेही आपला न मानला गेलेला माणूस, एवढेच उरले. या अर्थबदलाला भाषेची हानी म्हणण्याचे कारण नाही, कारण ज्या हक्कासाठी तो काटेकोरपणा होता तोच राहिला नव्हता. जिथे हक्क उरला, तिथे भेदही नव्या नावाने परत आला: 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील भोगवटादार वर्ग 1 आपली जमीन सर्वसाधारणपणे मोकळेपणी हस्तांतरित करू शकतो, वर्ग 2 ला मात्र त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. जमिनीचा व्यवहार करू पाहणाऱ्याने सातबाऱ्यावरील हा एक आकडा इसार देण्यापूर्वी वाचावा.