पाच तास आणि सतरा वर्षे

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती आपल्यापैकी अनेकांनी डोळे भरून पाहिली आहे. गोव्याच्या कारागिरांनी ती १६३६-३७ मध्ये घडविली. त्यामागे फादर मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंची प्रेरणा होती. मात्र गोवा हा त्यांचा अखेरचा मुक्काम नव्हता. त्यांना जपान गाठायचे होते. ख्रिस्ती धर्मगुरूने तेथे पाऊल ठेवणे म्हणजे मरण पत्करणे, असा तो काळ होता. तरीही ते निघाले, आणि त्यांच्या तळमळीमागे एक नाव होते : क्रिस्तोव्हाव फरेरा.

फरेरा हे पोर्तुगीज येशूसंघीय. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांना नागासाकीत १५९७ साली क्रूसावर चढविण्यात आले. त्यानंतर बारा वर्षांनी, १६०९ मध्ये, फरेरा जपानला पोहोचले. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तरी ते देश सोडून गेले नाहीत. लपतछपत त्यांनी श्रद्धावंतांची सेवा केली, पुढे तेथील येशूसंघाची धुरा वाहिली, आणि रक्तसाक्ष्यांच्या छळाचे वृत्तांतही त्यांनीच युरोपला लिहून पाठविले.

१८ ऑक्टोबर १६३३ रोजी नागासाकीत त्यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. शरीर दोरांनी आवळलेले, मस्तकात उतरणारे रक्त थोडेथोडे ठिबकावे व मरण लांबावे म्हणून कानशिलाजवळ लहानशी चीर, आणि श्रद्धा नाकारल्याची खूण करता यावी म्हणून एक हात मोकळा. पाच तासांनी फरेरांनी ती खूण केली.

त्यांच्यासोबतच टांगलेले वृद्ध जपानी धर्मगुरू जुलियान नाकाउरा यांनी ती केली नाही. जपानमधून रोमला गेलेल्या चार किशोरांपैकी ते एक. त्या प्रवासात त्यांचा मुक्काम गोव्यातही झाला होता. २१ ऑक्टोबरला त्यांनी प्राण सोडला. २००८ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

त्या पाच तासांचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार, निदान प्रस्तुत लेखकाला तरी, वाटत नाही. भीतीने पेत्रही डगमगला होता, आणि त्याला तर कोणी टांगलेही नव्हते. मन चरकते ते नंतरची सतरा वर्षे वाचताना. फरेरा सावानो चुआन झाले. त्यांना संसार थाटून देण्यात आला. १६३६ मध्ये ख्रिस्ती शिकवणीचे खंडन करणारा ग्रंथ त्यांच्या नावे सिद्ध झाला. पकडलेल्या धर्मगुरूंच्या चौकशीत ते दुभाषी म्हणून बसू लागले. वेदनेने हिरावले ते एका दिवसाचे धैर्य. पण आता आपल्याला परतीची वाट नाही, ही समजूत एकदा मनात घर करून बसली की माणूस इतरांच्या वाटेवरही उभा राहतो. श्रद्धात्यागाचा खरा धोका तेथे आहे. यहुदाचाही घात अखेर निराशेनेच केला.

गंमत अशी की परतीची वाट जपानच्या साध्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना ठाऊक होती. बिशप सेर्केइरा यांच्या काळात, १६०३ साली, परिपूर्ण पश्चात्तापावर एक छोटे पुस्तक तयार झाले होते. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नसेल, तर देवावरील प्रीतीपोटी केलेला मनःपूर्वक पश्चात्ताप क्षमा मिळवून देतो, हे त्याचे सार. पुढे अधिकाऱ्यांसमोर प्रभूच्या वा पवित्र मातेच्या प्रतिमेवर पाय देण्याची सक्ती झाली. लपून राहिलेले हे ख्रिस्ती पाय देत, घरी येत आणि पश्चात्तापाची ती प्रार्थना म्हणत. एकही धर्मगुरू नसताना त्यांनी दोनशेहून अधिक वर्षे अशीच काढली. १७ मार्च १८६५ रोजी त्यांचेच वंशज नागासाकीच्या ओउरा येथील चर्चमध्ये शिरले आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले.

मास्त्रिल्ली १६३७ मध्ये जपानला पोहोचले. तेथे ते पकडले गेले, त्यांनाही खड्ड्यात टांगले गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. फरेरा परतले नाहीत. १६५० साली त्यांचा मृत्यू झाला. अखेरीस त्यांनी पुन्हा प्रभूचे नाव घेतले आणि त्याच खड्ड्यात प्राण दिला, अशी वार्ता पुढे जपानबाहेरच्या त्यांच्या बंधूंमध्ये पसरली. तिला पुरावा मिळालेला नाही.